मदत हवी आहे: लेगॉसमध्ये 43 इंची एलईडी टीव्हीचा बॅकलाइट

प्रश्न
मुक्काम इकेजा. टीव्ही लावला की क्षणभर उजेड येतो, मग पडदा काळा. आवाज चालूच. अंधारात टॉर्च तिरपा धरला की चित्र पुसट दिसतं. मेकॅनिक म्हणतो बोर्ड बदला. पार्ट इथल्या कॉम्प्युटर व्हिलेज बाजारात मिळेल का?

प्रतिसाद 1
टॉर्चच्या उजेडात चित्र दिसतंय, म्हणजे मेन बोर्ड ठीक आहे. आधी पडद्यामागच्या बॅकलाइटच्या एलईडी पट्ट्या तपासा. एलईडी सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेले असतात. एखादा ओपन वा शॉर्ट झाला की ड्रायव्हर (एलईडींना करंट देणारं सर्किट) सगळंच बंद करतो. प्लग काढा, थोडं थांबा, बॅकलाइटचा कनेक्टर सोडवा आणि एलईडी टेस्टर लावा. मल्टिमीटरच्या डायोड मोडवर 6 व्होल्टचा एलईडी पेटत नाही, तेवढ्यावरून तो गेला असं धरू नका.

कॉम्प्युटर व्हिलेज म्हणजे फोन आणि लॅपटॉप. टीव्हीच्या पार्टसाठी ओजो भागातला अलाबा बाजार गाठा, रविवार सोडून.

प्रतिसाद 2
सहमत. फक्त मॉडेल नंबर सांगून पट्टी मागू नका, एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकार निघतात. जुनी पट्टीच न्या. लांबी, एलईडींची संख्या, कनेक्टरची बाजू आणि व्होल्टेज जुळायला हवं. 8 एलईडींची 3 व्होल्टवाली पट्टी साधारण 24 व्होल्टला पेटते, 6 व्होल्टवाली 48 ला. चुकीची लावलीत तर पुन्हा हाच प्रकार. एकच पट्टी बदलू नका, पूर्ण सेट घ्या. जुन्यांतली पुढची लवकरच जाते.

दुकानदार 'टोकुनबो' म्हणाला तर तो बाहेरून आलेला वापरलेला माल. फुटक्या स्क्रीनच्या सेटमधून काढलेली पट्टी कंपनीची असते खरी, पण किती तास जळलेली ते कोण सांगणार? काउंटरवरच पेटवून दाखवायला सांगा, मग विचारा 'हाऊ मच लास्ट?', म्हणजे शेवटचा भाव किती.

प्रतिसाद 3
पॅनल (स्क्रीनची काच) उचलायला दोघे हवेत. कडेच्या पातळ रिबनला धरलंत तर स्क्रीन गेलीच, आणि स्क्रीनच्या किमतीत दुसरा टीव्ही येतो. डिफ्यूझर शीटचा (उजेड पसरवणाऱ्या पातळ शीट) क्रम आणि बाजू यांचा फोटो काढून ठेवा. एलईडीवरचं भिंग निखळलं असेल तर नीट चिकटवा, नाहीतर पडद्यावर पांढरा ठिपका दिसतो.

प्रश्नकर्ता
आभार. स्टॅबिलायझर लावला तर पुन्हा होणार नाही ना?

प्रतिसाद 1
त्याचा इथे उपयोग नाही. जनरेटरवरून लाइनवर येताना झटका बसला तर फ्यूज नि पॉवर सप्लाय उडतात, टीव्ही पूर्ण मरतो. एलईडी जळतात ते उष्णतेने. सेटिंगमध्ये बॅकलाइट 100 वरून 60 वर आणा. मेकॅनिक जाणता असेल तर करंट सेन्सच्या (ड्रायव्हरला करंट मोजून देणाऱ्या) समांतर रेझिस्टरांपैकी एक काढून करंट उतरवेल.