प्रतिसाद: विषय अजून प्रश्न झालेला नाही

वास्तुकलेच्या प्रबंधासाठी तुम्ही सुचवलेला ‘पंचगंगेचा पूर आणि घरं’ हा विषय झाला, प्रबंधाचा प्रश्न नव्हे. प्रश्नात जागा, बदलता घटक आणि मोजमाप हवंच. उदाहरणार्थ: कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या वाड्यात तळमजला पाण्याखाली असताना कुटुंबाला आठवडाभर वर राहता यावं, तर जिना, संडास आणि वीजमीटर कुठे हवेत?

मग आठ-दहा घरं मोजा, भिंतींवरच्या पुराच्या खुणा नोंदवा. इथे हमखास चूक होते: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची 43 फुटांची धोका पातळी म्हणजे गल्लीतल्या पाण्याची खोली नव्हे. ऑटो लेव्हलने (उंचीतला फरक मोजायच्या उपकरणाने) सगळ्या खुणा एकाच बेंचमार्कशी (उंची ठरलेल्या संदर्भबिंदूशी) जोडा, नाहीतर सेक्शनमधली (घराच्या उभ्या छेदाच्या रेखाटनातली) पूररेषा चुकते आणि जोत्याची उंचीही.

‘संग्रहालय बांधावं का?’ असले प्रश्न टाळा. त्यात उत्तर आधीच ठरलेलं असतं.