सव्वा महिना: ओल्या बाळंतिणीचे दिवस, तुमचे अनुभव लिहा

बाळ घरी आल्यापासून सव्वा महिना होईपर्यंत जे जे होतं ते लिहायला हा धागा काढतेय. डिलिव्हरीबद्दल सगळ्या बोलतात, बारशाचे फोटो सगळे बघतात, पण मधले दिवस कसे गेले ते कोणी सांगत नाही. त्यातही मला मुख्य बोलायचंय ते दुधाबद्दल. "हिला दूध पुरत नाही वाटतं" हे वाक्य ऐकलं नाही अशी बाळंतीण मला अजून भेटलेली नाही, आणि बोलणारी माणसं आपलीच असतात, प्रेमाचीच असतात, म्हणून ते जास्त लागतं. तर तुम्हाला कोणी काय सांगितलं आणि खरंच कामी काय आलं, दोन्ही लिहा. आई, आजी, बाबा, मावशी, कोणीही.

सुरुवात मी करते. माझं सिझर, पुण्यात. पहिले दोन दिवस फक्त पिवळसर घट्ट चीक येत होता, तोही थोडासाच, आणि बाळ रडलं की खोलीतलं प्रत्येक माणूस माझ्याकडे बघायचं. बाळाचं वजन उतरलं तेव्हा तर पावडरचा डबा आणायला माणूस निघालासुद्धा. तेवढ्यात राउंडला आलेल्या डॉक्टर मॅडमनी थांबवलं. म्हणाल्या जन्मानंतर वजन उतरतंच, 7 ते 10 टक्क्यांपर्यंत उतरू शकतं, दहा-पंधरा दिवसांत भरून येतं, आणि आत्ता त्याचं पोट एवढंसं आहे की चीकच त्याला पुरतो. सिझर असेल तर दूध भरून यायला थोडं जास्त लागू शकतं हेही त्यांनीच सांगितलं. मग एका सिस्टरनी बसून शिकवलं. बाळाला काखेखाली धरायचं, पाय मागच्या बाजूला, म्हणजे टाक्यांवर भार येत नाही. त्याने तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडेपर्यंत थांबायचं आणि मग त्याला छातीकडे आणायचं, आपण त्याच्यावर वाकायचं नाही. हनुवटी टेकलेली, नाक मोकळं, आणि नुसतं निपल नाही तर खालचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे. त्या दिवसापासून चिरा पडायच्या थांबल्या. माझ्या मते हे धरणं शिकवायला प्रत्येक हॉस्पिटलमध्ये एक बाई नेमलेली असायला हवी, लाडू आणि काढे नंतर.

*

मी सातारा जिल्ह्यातली, खटाव तालुक्यात गाव. आमच्याकडे आशाताई, म्हणजे गावातल्या सरकारी आरोग्य योजनेच्या आशा कार्यकर्त्या, यायच्या. मला आधी माहीतच नव्हतं की दवाखान्यात बाळंतपण झालं तरी त्या घरी येतात, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. आल्या की आधी हात धुणार, मग बाळाला झोळीत घालून वजन, काखेत थर्मामीटर, आणि मग अंगावरचं झबलं वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजत बसणार. त्या एका मिनिटात घरात कोणी बोलायचं नाही. मिनिटाला 60 किंवा त्याच्या वर श्वास गेला तर दवाखाना गाठायचा हे त्यांनी माझ्या सासूबाईंना पण पाठ करून घेतलं.

आजेसासूबाईंना नाळेला राख आणि तेल लावायचं होतं. ताई भांडल्या नाहीत, म्हणाल्या आजी, काही लावायचं नाही, कोरडी ठेवा, लंगोट नाळेच्या खाली बांधा, आपोआप पडते. आणि दुसऱ्या आठवड्यात पडलीच. शेगडी आणि धुरीचं मात्र घरात बरंच झालं. दारं खिडक्या लावून बाजेखाली निखारे, ओवा, वावडिंग, बाळंतशेपा टाकलेल्या, मला घाम यायचा आणि बाळाला ठसका लागायचा. ताईंनी सांगितलं बंद खोलीत निखारा नको, धूर आणि त्यातला वायू दोन्ही बाळाला वाईट. शेवटी मला गरम पाण्याच्या पिशवीचा शेक आणि बाळाला कुंची, दुपटं, आणि मी. त्याला ऊब पुरली.

*

पुरुषाने लिहिलं तर चालेल ना? आम्ही मुंबईचे. आमची मुलगी 32 आठवड्यांची झाली, वजन दीड किलोच्या आत. बायको वॉर्डात, मुलगी काचेत, आणि मी दोन मजल्यांमध्ये जिन्यावर. बायकोचं दूध सुरुवातीला फार कमी यायचं, ती पंप लावून बसायची आणि बाटलीच्या तळाला जेमतेम ओल दिसायची, तिला त्या बाटलीकडे बघवायचं नाही. मधले काही दिवस मुलीला दुसऱ्या आयांनी दान केलेलं दूध नळीने दिलं. तोवर मला मिल्क बँक हा प्रकारच माहीत नव्हता. सायनच्या लोकमान्य टिळक हॉस्पिटलमध्ये 1989 साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली ती आशियातली पहिली, हे तिथल्या एका डॉक्टरने सांगितलं. दान देणाऱ्या आईच्या तपासण्या होतात, दूध 62.5 अंश सेल्सिअसवर अर्धा तास ठेवून निर्जंतुक करतात आणि मगच बाळाला देतात. ज्या अनोळखी बायकांनी ते दिलं त्यांचे आभार कुठे मानायचे मला कळत नाही म्हणून इथे मानतो.

नंतर कांगारू सुरू झालं. शर्ट काढून बसायचं, बाळ फक्त डायपर आणि टोपीत, छातीवर उभं, डोकं एका बाजूला वळवलेलं, वरून कापडाने बांधायचं. पहिल्यांदा ठेवली तेव्हा ती एवढी हलकी की मी श्वास सुद्धा जपून घेत होतो. थोड्या वेळाने मॉनिटरवरचे आकडे शांत झाले. मी आणि बायको पाळ्या लावून तासन् तास बसायचो, आणि बायको मुलीला छातीवर घेऊन बसल्यानंतर पंप लावायची तेव्हा दूध जास्त यायला लागलं. बाबा लोकांनो, हे आपल्याला जमतं, सिस्टरना स्वतःहून विचारा.

*

आम्ही म्युनिकजवळ राहतो. आईचा व्हिसा वेळेत झाला नाही त्यामुळे माहेर नाही, मालिशवाली बाई नाही, फक्त नवरा आणि मी. पण इथे हेबामे म्हणजे सुईण असते, ती बाळंतपणानंतर घरी येते, पहिले दहा दिवस लागलं तर रोज, पुढेही 12 आठवड्यांपर्यंत बोलावता येते आणि सरकारी विम्यात ते बसतं. आमची साठीची, बूट दारात काढून सरळ किचनमध्ये, आधी मला विचारायची तू आज काय खाल्लंस, आणि मग बाळ.

संध्याकाळी सहाला जे सुरू व्हायचं ते अकरापर्यंत, बाळ सोडायचंच नाही, सोडलं की रडणार, परत घेतलं की पाच मिनिटं पिणार, परत रडणार. व्हिडिओ कॉलवर दोन्हीकडच्या आज्या एकमताने म्हणाल्या की दूध कमी आहे, वरचं सुरू कर. हेबामे म्हणाली लंगोट किती ओले होतात ते सांग. पहिला आठवडा सरल्यावर चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओले होत असतील आणि वजन वाढत असेल तर दूध पुरतंय, संध्याकाळी अशी लागोपाठ पितातच, आणि जितकं पितील तितकं दूध वाढतं. मी फ्रिजवर कागद लावला, प्रत्येक ओल्या डायपरला एक रेघ. त्या रेघा बघून आईची पण खात्री पटली.

*

नागपूर. मला दुधाचा काहीच त्रास नव्हता, भरपूर होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येतं हे ऐकलेलं, ते बऱ्याच जणींना येतं आणि दोन आठवड्यांत जातं. माझं गेलं नाही, वाढलं. बाळ झोपलं तरी मला झोप नाही, जेवण घशाखाली उतरत नाही, आणि मी हे बाळ कोणा दुसरीचं सांभाळतेय असं सतत वाटायचं. दृष्ट काढून झाली, अंगारा लावून झाला. घरचे म्हणायचे एवढं गोड बाळ आहे आणि तू रडतेस? बहिणीने एका रात्री माझ्याशेजारी झोपून मला सगळं बोलू दिलं आणि सकाळी मानसोपचार तज्ज्ञाकडे नेलं. दूध पाजताना चालतील अशी औषधं असतात, ती घेतली, पाजणं थांबवावं लागलं नाही. ज्यांना बाहेर पडणं शक्य नाही त्यांच्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असा विचार एकदा जरी आला तर त्याच क्षणी शेजारच्या माणसाला उठवून सांगा. हा आजार आहे आणि तो बरा होतो, मी झालेय.

*

मी आजी आहे, गुहागरची. नातीने टायपिंग शिकवलंय, चुकलं तर सांभाळून घ्या. माझी सगळी बाळंतपणं शेक-शेगडीची, गुटीची. लेकीच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणी नको, गुटी नको, आणि मध तर वर्षभर नको कारण त्यातून लहान बाळाला भयंकर विषबाधा होऊ शकते. मला पटायला वेळ लागला पण मी सहाण वर ठेवून दिली. करण्यासारखं दुसरं पुष्कळ असतं. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवून गूळ-खोबरं घालून खीर, मऊ भात, मुगाचं वरण, तूप, शेपूची भाजी, आणि सगळं गरम असताना तिच्या हातात. बाळंतीण पाजत असली तर मी घास भरवते. पहाटे पाजून झालं की बाळ मी घेते, खांद्यावर ढेकर काढते, आणि लेकीला दोन अडीच तास सलग झोपू देते. बघायला येणाऱ्यांना मी ओटीवरच चहा देते. सर्दी असलेल्याने तर यायचंच नाही. कोणाला राग आला तर मी बघून घेईन.

*

नाशिक, छोटंसं लिहिते. काविळीला "कोवळं ऊन दाखवा" एवढ्यावर थांबू नका. थोडी कावीळ पुष्कळ बाळांना होते पण आमच्याकडे पिवळेपणा पायापर्यंत उतरला आणि बाळ पाजायला उठेना. रक्त तपासलं, निळ्या दिव्याखाली ठेवलं, डोळ्यांना पट्टी. मधे मधे काढून पाजत होते. बरं झालं. उन्हात बसवत राहिलो असतो तर उशीर झाला असता.

*

सातवा संपतोय, सगळं वाचलं आणि नवऱ्याला पण वाचायला लावलं. माहेरी जावं की इथेच राहावं? आईचे गुडघे दुखतात, इथे सासूबाई आहेत पण त्यांची नोकरी चालू आहे. मला 26 आठवड्यांची रजा आहे, नवऱ्याला मोजून पंधरा दिवस.

*

धागा मीच काढला तर उत्तर देते. रात्री उठणारं माणूस जिथे आहे तिथे राहा. आईला बोलावून दिवसा स्वयंपाकाला बाई लावता आली तर ते सगळ्यात सोपं, आणि नवऱ्याची रजा पहिल्याच आठवड्यात संपवू नका, पाहुणे गेल्यावर खरी लागते. आत्ताच बाळाच्या डॉक्टरांचा रात्रीचा नंबर घेऊन ठेवा आणि हे कपाटावर चिकटवा: बाळ पिणं सोडतंय, अंग तापलंय म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा वर, किंवा गार पडलंय, श्वास जोरात चाललाय, छाती आत ओढली जातेय, तळहात-तळपाय पिवळे, नाळेभोवती लाल किंवा पू, झटका, उठवून उठत नाही. यातलं एक जरी दिसलं तरी सकाळपर्यंत थांबायचं नाही. तुला स्वतःला खूप रक्त जायला लागलं, ताप आला, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली तरी तेच. तारीख जवळ आली की इथे कळव, कोणी ना कोणी जागी असतेच.