उड्या मारणारी जनुके: कर्करोगाचे कारण की लक्षण?

प्रश्न
पदव्युत्तर वर्गात चल जनुकीय घटक, म्हणजे जागा बदलणारे डीएनएचे तुकडे, शिकवताना विषय बहुधा ते प्रथम शोधणाऱ्या बार्बरा मॅक्‌क्लिंटॉक यांच्या मक्यापाशीच थांबतो. माणसाच्या अर्बुदांतही (ट्यूमर, म्हणजे गाठींतही) असे घटक जागे होतात, असे वाचनात आले. हे जागे होणे कर्करोगाला कारणीभूत ठरते, की पेशीची घडी विस्कटल्यावर दिसणारे ते केवळ लक्षण आहे?

प्रतिसाद १
दोन्ही खरे आहे, पण सारख्या प्रमाणात नाही. मानवी जीनोमचा (पेशीतील संपूर्ण डीएनएचा) सुमारे १७ टक्के भाग लाइन-१ या उड्या मारणाऱ्या घटकाच्या प्रतींनी व्यापला आहे. त्यांतील बहुतेक प्रती तुटक्या आणि निकामी असून उडी मारण्याची क्षमता जेमतेम शंभरेक प्रतींत उरली आहे. अशा प्रतीपासून आधी आरएनए तयार होतो, मग तिचेच एक प्रथिन डीएनएला दुसरीकडे छेद देते आणि त्या आरएनएबरहुकूम नवा डीएनए तिथेच जोडते. एरवी मेथिलेशन, म्हणजे डीएनएवर चिकटलेल्या मेथिल गटांचे आवरण, या प्रतींना दाबून ठेवते. कर्करोगात ते विरळ होते, त्यामुळे बऱ्याच उड्या हा नंतरचा परिणामच असतो.

प्रतिसाद २
वरील विवेचन पटते, तरी ‘परिणाम’ या बाजूला फार झुकू नये असे मला वाटते. मोठ्या आतड्याच्या एका अर्बुदात लाइन-१ एपीसी या अर्बुदरोधी जनुकात घुसल्याचे १९९२ मध्येच दिसले होते, आणि त्याच रुग्णाच्या निरोगी ऊतीत ती घुसखोरी नव्हती. २०१६ मध्ये तशाच दुसऱ्या रुग्णात १७व्या गुणसूत्रावरील लाइन-१च्या प्रतीने एपीसीची एक प्रत मोडल्याचे, तर दुसरी प्रत साध्या उत्परिवर्तनाने निकामी झाल्याचे आढळले. आतड्याच्या कर्करोगात एपीसी गमावणे ही बहुधा पहिली पायरी असते, म्हणून या उदाहरणांत उडीला कारण म्हणणेच योग्य ठरते.

प्रतिसाद ३
एक भर घालतो. उडी म्हणजे फक्त नवी प्रत घुसणे नव्हे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या २,९५४ कर्करोग-जीनोमच्या अभ्यासात सुमारे ३५ टक्के जीनोममध्ये अशा उड्या सापडल्या. अन्ननलिकेच्या ॲडेनोकार्सिनोमात (ग्रंथीपेशींच्या कर्करोगात), आतड्याच्या कर्करोगात आणि डोके-मानेच्या कर्करोगांत त्या विशेष होत्या. तंबाखूमुळे आपल्याकडे फोफावलेला तोंडाचा कर्करोग याच शेवटच्या गटात मोडतो. काही ठिकाणी तर अर्धवट राहिलेल्या उडीने गुणसूत्राचा मोठा तुकडाच गळाला होता, आणि त्यासोबत सीडीकेएन२ए हे अर्बुदरोधी जनुकही गेले होते. त्यामुळे नुसत्या घुसखोऱ्या मोजल्या, तर अशी हानी नजरेतून सुटते.