डॉट ऑल फाइलींतून बोटीचा ट्रॅक काढताना रेष करवतीसारखी का येते?

झुवारीकाठ (वास्को)

नमस्कार मंडळी. मुरगाव बंदराबाहेरच्या पट्ट्यातल्या मल्टिबीम (तळाची खोली पट्ट्याने मोजणारा सोनार) सर्वेक्षणाच्या ६२ डॉट ऑल (काँग्सबर्ग सोनारचा कच्चा फॉरमॅट) फाइली आणि त्याच भागातल्या साइड-स्कॅनच्या (बोटीमागे ओढून तळाचं चित्र घेणाऱ्या सोनारच्या) १७ एक्सटीएफ फाइली हाताशी आहेत. खोली १२ ते २५ मीटर. मला खोली नकोय, बॅकस्कॅटर, म्हणजे प्रतिध्वनीची तीव्रताही नको. बोट कोणत्या क्षणी कुठे होती एवढंच हवं: वेळ, अक्षांश, रेखांश, हेडिंग (बोटीच्या नाकाची दिशा), वेग. ते सीएसव्हीत काढून क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये लाइनी आखायच्या आहेत.

पायथॉनमध्ये स्क्रिप्ट लिहून पी डेटाग्राम, म्हणजे फाइलीतली ८० क्रमांकाची, जागेची नोंद, वाचतेय. अडचणी अशा. ट्रॅक गोव्यात न येता थेट पाकिस्तानातल्या पंजाबात उमटतो. रेखांश ७३.७ बरोबर येतो, पण अक्षांश ३०.८! २ ने भागलं की जागेवर येतो, पण कारण कळल्याशिवाय नुसतं भागणं पटत नाही. भागल्यावरही रेष सरळ नाही, करवतीच्या दातांसारखी आहे: एक बिंदू डावीकडे, पुढचा उजवीकडे, मध्ये साधारण ३ मीटर. दोन फाइलींत तर वेळ मध्येच २४ तास मागे जाते.

एक्सटीएफचं दुखणं वेगळं. एका बोयाचा काँक्रीटचा ठोकळा दोन्ही सर्वेक्षणांत स्पष्ट दिसतो, पण साइड-स्कॅनमध्ये तो मल्टिबीमच्या जागेपासून जवळपास ४० मीटर सरकलेला आहे. कोणावर विश्वास ठेवायचा?

खोलमापी (पणजी)

फक्त लाइनी आखायच्या असतील तर आधी एमबी-सिस्टिम हे सोनार-डेटाचं सॉफ्टवेअर वापरून बघा, फुकट आहे. डॉट ऑलच्या नव्या पिढीसाठी फॉरमॅट क्रमांक ५८, जुन्या ईएम ३००, ईएम १२० वगैरेंसाठी ५६, केएमऑल या डॉट ऑलनंतरच्या फॉरमॅटसाठी २६१. सगळ्या फाइलींची नावं आणि पुढे फॉरमॅट क्रमांक अशी एका ओळीत एक यादी करा आणि ती त्यातल्या एमबीडेटालिस्ट या आज्ञेला सहायक फाइली बनवण्याच्या पर्यायासह द्या. प्रत्येक फाइलीशेजारी एक डॉट एफएनव्ही फाइल तयार होते. ती साधी मजकूर फाइल आहे: पहिल्या सहा रकान्यांत वर्ष ते सेकंद, सातव्यात १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद, आठव्यात रेखांश, नवव्यात अक्षांश, पुढे हेडिंग आणि वेग. रेखांश आधी आहे हे विसरू नका, आणि वेग ताशी किलोमीटरमध्ये आहे, नॉटमध्ये नाही.

मात्र एक लक्षात घ्या. एफएनव्हीतली जागा प्रत्येक पिंगच्या (सोनारच्या एका ध्वनिस्पंदाच्या) क्षणाची असते, म्हणजे दोन जीपीएस फिक्सच्या (मोजलेल्या जागांच्या) मधली काढलेली. उथळ पाण्यात सेकंदाला दहा-बारा पिंग आणि फिक्स एकच, तर दहा-बारा ओळींमागे खरं मोजमाप एकच. नकाशासाठी हे छान. दोष शोधायचा असेल तर कच्चा पी डेटाग्रामच वाचावा लागतो, त्यामुळे तुमची स्क्रिप्ट टाकून देऊ नका.

तळठाव (दोना पावला)

स्क्रिप्टबद्दल सांगतो, कारण तुमच्या तिन्ही अडचणींची उत्तरं पी डेटाग्राममध्येच आहेत.

सुरुवातीच्या ४ बाइट लांबीपासून ० धरून मोजलं तर मांडणी अशी: ४ वर सुरुवातीची खूण (२), ५ वर प्रकार (८०), ६-७ वर सोनारचं मॉडेल, ८ ते ११ तारीख, १२ ते १५ मध्यरात्रीपासूनचे मिलिसेकंद, मग काउंटर आणि सिरियल नंबर, २० ते २३ अक्षांश, २४ ते २७ रेखांश, २८-२९ फिक्सचा दर्जा सेंटिमीटरमध्ये, ३०-३१ वेग सेंटिमीटर प्रतिसेकंद, ३२-३३ कोर्स (बोट प्रत्यक्ष सरकते ती दिशा) आणि ३४-३५ हेडिंग शंभराव्या अंशात, ३६ वर वर्णनाचा एक बाइट, ३७ वर पुढच्या मजकुराची लांबी आणि ३८ पासून जीपीएसकडून जशी आली तशी मूळ ओळ.

आता पंजाब. रेखांशाला १ कोटीने भागायचं, पण अक्षांशाला २ कोटींनी. दोन्ही आकडे ३२ बिटांच्या सचिन्ह पूर्णांकात बसवले आहेत. रेखांश १८० पर्यंत जातो, अक्षांश ९० पर्यंतच. १८० गुणिले १ कोटी आणि ९० गुणिले २ कोटी, दोन्ही १८० कोटीच होतात आणि ३२ बिटांची २१४ कोटींची मर्यादा दोघांनाही पुरते. अक्षांशाला दुप्पट बारकावा फुकट मिळतो म्हणून तो घेतला आहे. तेव्हा तुमचं २ ने भागणं बरोबरच आहे, फक्त ते स्क्रिप्टमध्ये गुणकाच्या जागी नीट लिहा. केएमऑलमध्ये ही भानगड नाही. तिथे एसपीओ या जागेच्या डेटाग्राममध्ये अंश थेट दशांश स्वरूपात असतात. मूल्य नसेल तर २०० लिहिलेलं असतं, ते गाळा.

करवतीचे दात म्हणजे बोटीवर दोन पोझिशनिंग सिस्टिम जोडलेल्या आहेत, दोघींचे डेटाग्राम त्याच फाइलीत नोंदले जातात आणि तुमची स्क्रिप्ट दोन्ही एकाच माळेत ओवते. ३६ व्या बाइटचे शेवटचे दोन बिट सिस्टिमचा क्रमांक सांगतात, १ ते ३. सगळ्यात वरचा बिट लागलेला असेल तर ती सिस्टिम चालू, म्हणजे सोनारने प्रत्यक्ष वापरलेली. तो बाइट दशमान आकड्यात छापून बघा. १२९ म्हणजे पहिली सिस्टिम, चालू, वेळ सोनारच्या घड्याळाची. १९३ म्हणजे पहिली, चालू, पण वेळ जीपीएसच्या ओळीतून घेतलेली. नुसता २ म्हणजे दुसरी, न वापरलेली. १२८ किंवा त्याहून मोठं मूल्य असलेलेच डेटाग्राम ठेवा. दुसरी सिस्टिम फेकून देऊ नका, वेगळ्या सीएसव्हीत ठेवा. दोन ॲंटेनांमधलं अंतर ट्रॅकवर सगळीकडे सारखं राहतं का, ही पहिलीची फुकटात होणारी तपासणी आहे.

२४ तासांची उडी: तुम्ही तारीख बहुधा फाइलीच्या नावातून घेताय. घड्याळ यूटीसीवर चालतं, त्यामुळे आपल्याकडे पहाटे साडेपाच वाजता मिलिसेकंदांचा आकडा शून्यावर येतो आणि नावातली तारीख मात्र जुनीच राहते. प्रत्येक डेटाग्रामच्या ८ ते ११ बाइटमधली तारीख घ्या. ती वर्ष गुणिले १०,००० अधिक महिना गुणिले १०० अधिक दिवस अशी असते.

जुन्या फाइली वाचताना बाइटांचा क्रमही तपासा. लांबीचा आकडा अचानक कोटींमध्ये आला तर क्रम उलटा आहे.

भरतीओहोटी (मडगाव)

एक्सटीएफबद्दल. ४० मीटर हा आकडा ऐकल्याबरोबर केबल आठवते.

एक्सटीएफच्या पिंग हेडरमध्ये जागेच्या दोन जोड्या असतात: एक बोटीची, एक सेन्सरची म्हणजे मागे ओढलेल्या फिशची. दोन्ही छापा. सेन्सरची जोडी शून्य असेल किंवा बोटीच्या जोडीशी दशांशापर्यंत जुळत असेल, तर लेबॅक (फिश ॲंटेनापासून किती मागे आहे ते अंतर) लावलेलाच नाही आणि चित्रातली प्रत्येक वस्तू बोटीच्या ॲंटेनाखाली मांडली गेली आहे. मागे असलेली फिश पुढे दाखवली जाते, म्हणून ठोकळा बोटीच्या चालीच्या दिशेने पुढे सरकतो. उलट्या दिशेच्या लाइनीवर तो उलट्या बाजूला सरकलेला दिसला की खात्री समजा.

लेबॅक काढायला लॉगबुकातली केबलची लांबी लागते. ४० मीटर केबल, फिश पाण्याखाली ८ मीटर, मागच्या कप्पीची पाण्यापासून उंची ३ मीटर, तर १६०० वजा १२१, त्याचं वर्गमूळ ३८.५ मीटर. त्यात ॲंटेना ते कप्पी अंतर मिळवा. केबलला झोळ असतो, त्यामुळे खरं अंतर याहून थोडं कमी भरतं. म्हणून साइड-स्कॅनच्या जागेवर मीटरभराचा भरवसा ठेवू नये. ठोकळ्याची जागा मल्टिबीमचीच धरा.

स्वतः वाचणार असाल तर फाइलीचा हेडर १०२४ बाइटांचा, पण चॅनेल ६ पेक्षा जास्त असतील तर १०२४ च्या पटीत वाढतो. त्यापुढे प्रत्येक पॅकेट ६४२०६ या खुणेने सुरू होतं. त्याच्या पहिल्या १४ बाइटांत शेवटचे ४ पॅकेटची पूर्ण लांबी सांगतात. प्रकार ० म्हणजे सोनार पिंग. पायएक्सटीएफ ही तयार लायब्ररीही आहे, ती वापरली तर हा त्रास वाचतो.

फाइल हेडरमधलं नॅव्हिगेशनचं एकक बघायला विसरू नका: ३ म्हणजे अक्षांश-रेखांश, ० म्हणजे मीटर. मीटर असतील तर यूटीएम (मीटरमधली नकाशा-जाळी) झोन कुठला ते बघा. आपल्या किनाऱ्याला झोन ४३ उत्तर, मुरगावजवळ पूर्व अंतर सुमारे ३ लाख ७१ हजार मीटर. खोल समुद्रात ७२ रेखांशाच्या पश्चिमेला गेलं की झोन ४२ लागतो आणि आकडा १ लाख ७८ हजारांवरून एकदम ८ लाख २२ हजारांवर जातो. बंदराच्या कामात हे आड येणार नाही, शेल्फच्या बाहेरच्या लाइनींत येतं.

झुवारीकाठ (वास्को)

फार मदत झाली. ३६ वा बाइट छापला: १२९ आणि २, आळीपाळीने. १२९ ठेवल्यावर रेष सरळ आली. तारखेचीही अडचण गेली. एक्सटीएफमध्ये सेन्सरची जोडी बोटीच्या जोडीशी तंतोतंत जुळते, म्हणजे लेबॅक नाहीच.

आता उरलं एवढंच. ४ नॉटने उत्तरेकडे गेलेल्या लाइनीवर ठोकळा एका जागी, दक्षिणेकडे आलेल्या लाइनीवर चालीच्या रेषेतच १.७ मीटर मागे, म्हणजे उत्तरेकडे, सरकलेला. ॲंटेना ट्रान्सड्यूसरच्या ८.२ मीटर मागे आहे, हे अंतर मी कोर्स वापरून लावलंय. पी१डी, म्हणजे पहिल्या पोझिशनिंग सिस्टिमसाठी भरलेला उशीर, शून्य आहे.

तळठाव (दोना पावला)

दोन गोष्टी आहेत, दोन्ही वेगळ्या करा.

पहिली, अंतर कोर्सने फिरवू नका, हेडिंगने फिरवा. ओहोटीचा प्रवाह आडवा असला की बोट तिरकी चालते. १० अंश तिरकी असेल तर ८.२ मीटरच्या अंतरावर बाजूला १.४ मीटरची चूक होते. हेडिंग उत्तरेपासून, एक्स पुढे आणि वाय उजवीकडे धन धरलं तर पूर्वेत एक्स गुणिले साइन अधिक वाय गुणिले कोसाइन मिळवा, उत्तरेत एक्स गुणिले कोसाइन वजा वाय गुणिले साइन. ट्रान्सड्यूसर ॲंटेनाच्या पुढे आहे, म्हणून तुमच्यासाठी एक्स अधिक ८.२. चिन्ह उलटं पडलं तर उलट्या लाइनींत फरक ३० मीटरच्या वर जातो, तेव्हा तुमचं चिन्ह बरोबर आहे.

पण ही चूक बाजूची आहे आणि तुमचा फरक चालीच्या रेषेतला, म्हणून दुसरी गोष्ट. तुमचा बाइट १२९ आहे, १९३ नाही. म्हणजे ओळ सोनारपर्यंत पोचली तेव्हाची वेळ लागली आहे, फिक्स घेतल्याची नाही. उशीर किती ते त्याच डेटाग्राममध्ये दिसेल. ३८ व्या बाइटपासूनची जीजीए ओळ (जीपीएसची वेळ आणि जागा सांगणारी) छापा, तिच्यातली यूटीसी वेळ आणि डेटाग्रामच्या हेडरमधली वेळ वजा करा. हे खरं धरायला सोनारचं घड्याळ झेडडीए (जीपीएसची तारीख-वेळेची ओळ) आणि १ पीपीएसने (दर सेकंदाला येणाऱ्या ठोक्याने) बांधलेलं हवं. क्लॉक डेटाग्राममध्ये ते दिसतं. फरक बरोबर १८ सेकंदांचा आला तर एखादं यंत्र यूटीसीऐवजी जीपीएस वेळ देतंय असं समजा.

जीजीएमधला अक्षांश १५२४.५ असा असतो, म्हणजे १५ अंश २४.५ मिनिटं, दशांशात १५.४०८३. त्याला १५.२४५ समजलात तर १८ किलोमीटर दक्षिणेला जाल.

उशिराने सरकणं वेगाबरोबर वाढतं. पिचचा (सोनारच्या पुढे-मागे कलण्याचा) दोषही उलट्या लाइनींत फरक दाखवतो, पण तो खोलीबरोबर वाढतो: १८ मीटर खोलीत १ अंश पिच म्हणजे दोन लाइनींत मिळून ०.६ मीटर. म्हणून जमल्यास एकाच दिशेच्या, ४ आणि ८ नॉटच्या दोन लाइनीही तपासा. त्यांच्यात पिचचा परिणाम सारखाच असल्यामुळे तो वजा होतो आणि सरकण्याला वेगांतल्या फरकाने भागलं की उशीर निघतो.

झुवारीकाठ (वास्को)

एक ओळ अशी निघाली: हेडर ०४:१२:३७.४१२, जीजीए ०४:१२:३७.००. शंभर ओळींत फरक ०.३८ ते ०.४५ सेकंद, सरासरी ०.४१. क्लॉक डेटाग्राममध्ये १ पीपीएस चालू आहे. ४ नॉट म्हणजे सेकंदाला २.०६ मीटर, दोन दिशांचे मिळून १.६९ मीटर. ठोकळा १.७ च सरकला होता.

खोलमापी (पणजी)

मग सरासरी वजा करत बसू नका. फिक्स दर ओळीला कमी-जास्त उशिरा पोचतोय, म्हणून प्रत्येक फिक्सला त्याच्याच जीजीएची वेळ लावा आणि मग पिंगच्या क्षणाला जागा काढा. मध्यरात्रीजवळ जीजीएत तारीख नसते, ती हेडरवरून घ्यावी लागेल. आणि हीच फाइल पुढे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गेली तर तिथे ०.४१ पुन्हा भरला जाणार नाही हे बघा, नाहीतर ठोकळा तेवढाच उलट्या बाजूला सरकेल.

सीएसव्ही लिहिताना दशांशानंतर किमान ७ आकडे ठेवा. चारच ठेवले तर एक पायरी ११ मीटरची होते आणि वरची सगळी मेहनत त्यात बुडते. एक्सेलमध्ये उघडून परत साठवलेल्या फाइलींचं बऱ्याचदा हेच होतं, तेव्हा क्यूजीआयएसला मूळ सीएसव्हीच द्या.