लार्किन पो यांचा 'ब्लूम': ब्लूज रॉक की फक्त तसा शिक्का?

खरजप्रेमी
लार्किन पो म्हणजे रेबेका आणि मेगन लव्हेल या सख्ख्या बहिणींचा बँड, मूळच्या अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या, आता नॅशव्हिलच्या. त्यांचा 'ब्लूम' हा अल्बम २४ जानेवारी २०२५ ला आला. आधीच्या 'ब्लड हार्मनी'ला २०२४ मध्ये समकालीन ब्लूजचं ग्रॅमी मिळालं, म्हणून यालाही डोळे झाकून ब्लूज म्हणायचं का? माझ्या कानाला हा अमेरिकेच्या दक्षिणेतला रॉक आहे, त्यावर कंट्री संगीताची फोडणी. 'व्हेनम अँड फेथ' (२०१८) लावून बघा: प्रोग्राम केलेले ढोल, मोकळी जागा आणि त्यात एकटीच ओरडणारी मेगनची लॅप स्टील, म्हणजे आडवी धरून तारांवर धातूची पट्टी सरकवत वाजवायची गिटार. इथे तीच स्टील भरगच्च बँडमागे उभी आहे.

मींडवेडा
ढोलावरून ब्लूज ठरत नाही, गंधारावरून ठरतो. मेगनचा पिंड डोब्रोचा, म्हणजे तशीच पट्टीने वाजवायच्या, विजेविना घुमणाऱ्या गिटारचा. डोब्रोचं रूढ ओपन जी ट्यूनिंग खालून वर जी-बी-डी-जी-बी-डी, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या की सरळ मेजर कॉर्ड. ब्लूजचा गंधार त्यात नाहीच, तो शोधावा लागतो: जी तारेवर तिसऱ्या आणि चौथ्या पडद्याच्या मधोमध, कोमल आणि शुद्ध ग यांच्या मध्ये. पट्टी तिथे जाऊन थांबते की नुसती घसरून पुढे जाते, एवढंच ऐका. 'ब्लूम'मध्ये ती थांबते. गिटारवर पट्टीने राग वाजवणाऱ्या ब्रिजभूषण काब्रांना ऐकलेल्यांना हा फरक समजावून सांगावा लागू नये.

खरजप्रेमी
गंधार मान्य. पण तो ऐकू यायला हवा ना? गिटार आणि स्टील दोन्हींवर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे मुद्दाम फाटवलेला आवाज, वर दोन गळे. सगळे मधल्या सुरांतच गर्दी करतात.

तारजोड
इथे तुमचं निम्मं बरोबर आहे. त्या ट्यूनिंगमध्ये पाचवी तार, म्हणजे खालून दुसरी, बी; म्हणजे मेजर थर्ड (शुद्ध गंधार) अगदी खाली बसतो. स्वच्छ आवाजात तो गोड लागतो. गेन (आवाज फाटवणारा जोर) वाढवला की जी आणि बी यांच्या बेरीज-वजाबाकीतून नवे सूर निघतात, ते कॉर्डमध्ये बसत नाहीत आणि सगळा चिखल होतो. उपाय दोन: गेन उतरवा, नाहीतर सहाही तारा छेडू नका, जी-डी एवढीच जोडी वाजवा. शिवाय डाव्या हाताची मागची बोटं पट्टीच्या मागे तारांवर टेकलेली हवीत, नाहीतर मागचा तुकडाही वाजतो आणि करकर येते. पट्टी पडद्याच्या रेषेच्या बरोबर वर हवी. गिटारवर बोट रेषेच्या मागे ठेवतात, त्या सवयीने पट्टी ठेवली की सूर उतरलाच.
मेगन हे सगळं उभ्याने, वाद्य अंगावर अडकवून करते, वर दुसरा आवाजही गाते. स्टील मागे वाटते ती बहुतेक वेळा गाण्याच्या ओळींखाली, आणि तिथे तिने मागेच राहावं. ओळ संपली की तीच उत्तर देते. हा सवाल-जवाब ब्लूजचा नाही तर कुणाचा?

खरजप्रेमी
सवाल-जवाब गॉस्पेलमध्येही (चर्चच्या गाण्यांत) आहे, कंट्रीतही. ब्लूजमध्ये मला हवा ओबडधोबडपणा. २०१७ च्या 'पीच'मध्ये तो होता.

दोनसूर
त्यांच्यात ओबडधोबडपणा मुळात किती होता? २०१० च्या आधी थोरली जेसिका धरून तिघींचा ब्लूग्रास, म्हणजे बँजो-मँडोलिनवरच्या कंट्री संगीताचा, बँड होता. रेबेकाचं पहिलं नाव झालं ते मँडोलिनवर. ब्लूग्रासमध्ये दुसरा आवाज शब्दाच्या शेवटच्या व्यंजनापर्यंत पहिल्याबरोबर संपावा लागतो, एकीने 'स' लांबवला की भांडं फुटतं. ती शिस्त 'पीच'मध्येही होती, तुम्हाला ढोलांमुळे जाणवली नाही. माझी तक्रार उलटी आहे: 'ब्लूम'मध्ये दोन्ही आवाज काही ठिकाणी इतके चिकटवलेत की मेगन कोणती हेच कळत नाही.

तारजोड
ते हेडफोनवर ऐकून सांगा. फोनच्या स्पीकरवर खालचं बेस उडतं, मग आवाज आणि स्टील एकमेकांवर चढल्यासारखे वाटतातच.

खरजप्रेमी
हेडफोनवरच ऐकलंय. स्टील दोन घरं पुढे आणा, मग मी ब्लूज म्हणेन.