हाडांची गोळी जबड्याच्या भीतीने बंद करावी का?

चाफा
सासूबाई ७१ वर्षांच्या. मनगट मोडलं, डेक्सा (हाडांची घनता मोजणाऱ्या) तपासणीत हाडं ठिसूळ निघाली. तेव्हापासून दर रविवारी उपाशीपोटी अ‍ॅलेन्ड्रोनेट ७० मिलिग्रॅम, वर ग्लासभर साधं पाणी, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही. चहासुद्धा त्यानंतरच. आता दाढ काढायची आहे, शेजारणीने "जबडा सडतो" म्हणून सांगितलं आणि त्यांनी गोळी परस्पर सोडली. मला हे धोक्याचं वाटतं. जबड्याचा हा त्रास २००३ मध्ये प्रथम नजरेत आला तो मुख्यतः कॅन्सरसाठी शिरेतून मोठे डोस घेणाऱ्यांत. आठवड्याच्या गोळीवर तो क्वचितच होतो. खुबा मोडून अंथरूण धरलेली म्हातारी माणसं मात्र घरोघरी आहेत.

रानवाट
नाही पटलं. २०१० मध्ये अमेरिकेच्या एफडीएनेच (औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) इशारा दिलाय की या औषधांवर मांडीचं हाड किरकोळ धक्क्यानेही मोडू शकतं. २०२० च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात आशियाई वंशाच्या बायकांना हा धोका गोऱ्या बायकांपेक्षा बराच जास्त दिसला. मग आपल्याकडे सरसकट गोळी कशाला? शिवाय गोळीने पडणं थांबत नाही. ओल्या फरशीवर पाय घसरून डोकं आपटलं तर? रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर कवटीत हळूहळू रक्त साठतं आणि काही आठवड्यांनी माणूस बरळायला लागतो. आधी बाथरूममध्ये धरायला दांडी बसवा.

चाफा
दांडी बसवलीच आहे. पण ती मणका कसा वाचवणार? तो नुसतं वाकून बादली उचलतानाही दबतो. १९९६ च्या चाचणीत, आधीच मणका दबलेल्या बायकांत, या गोळीने मणक्याचे नवे आणि खुब्याचे फ्रॅक्चर जवळपास निम्म्यावर आले. तुम्ही म्हणता त्याच २०२० च्या अभ्यासात औषध थांबवल्यावर मांडीचा धोका झपाट्याने उतरलाही. म्हणून पाच वर्षांनी फेरविचार करायचा, मांडी किंवा जांघ ठणकली तर लगेच दाखवायचं आणि दाढेआधी दंतवैद्याला गोळीचं सांगायचं.

ओवी
एक भर. गोळीऐवजी हाडांसाठी दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅब इंजेक्शन असेल तर ते मध्येच सोडू नका. सोडल्यावर एकामागून एक मणके मोडल्याच्या नोंदी आहेत.

रानवाट
पाच वर्षांचं मान्य. पण फेरविचार करतंय कोण? जुनी चिठ्ठी दाखवली की मेडिकलवाला पुढची पट्टी देतो. माझ्या मावशीची गोळी अशीच नऊ वर्षं चालली, मांडी दुखायची ती संधिवातात जमा झाली. डॉक्टर चिठ्ठीवर थांबायची तारीख लिहीत नाहीत तोवर माझा विरोध कायम.