क्राकाटोआबद्दल ऐकलेल्यातलं खरं किती?

डिचोलीकर

पुतणीला नववीच्या भूगोलासाठी ज्वालामुखीवर प्रकल्प करायचा आहे. तिने क्राकाटोआ निवडला आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माहितीचा पूर आला. एकाने लिहिलं, 1883 ला अख्खं बेट बुडालं. दुसऱ्याने, लाव्हारसात 36 हजार माणसं जळून मेली. तिसरा म्हणतो, आवाज 310 डेसिबलचा होता आणि जगभर ऐकू गेला. शेजारच्या मास्तरांनी तर त्या स्फोटामुळे युरोपात उन्हाळाच आला नाही म्हणून सांगितलं. ती हे सगळं चार्टवर उतरवायला बसलीये, बुधवारी द्यायचा आहे. नीट ठाऊक असलेलं कुणी आहे का इथे? आणि आपल्या किनाऱ्यावर काही जाणवलं होतं का?

तारवटी_वास्को

डिचोलीकरबाब, आधी पेन्सिलीने लिहायला सांगा तिला.

माझा जन्म जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेला. सुंदाच्या सामुद्रधुनीतून गेलोय, म्हणून तोंड घालतो. इंडोनेशियातल्या जावा आणि सुमात्रा या बेटांच्या मधली ती वाट, क्राकाटोआ तिथेच. पूर्वेच्या तोंडाशी वीसेक मीटरच पाणी, म्हणून भली मोठी जहाजं तिकडे फिरकत नाहीत. 1969 च्या एका हॉलिवूडपटाने आपल्या नावातच हे बेट जावाच्या पूर्वेला नेऊन ठेवलं. ते आहे पश्चिमेला. चार्टवर नकाशा काढणार असाल तर एवढं सांभाळा.

बेट अख्खं बुडालं नाही. साधारण दोन तृतीयांश गेलं. उत्तरेकडची दनान आणि पर्बुआतान ही शिखरं खाली कोसळली, दक्षिणेचा राकाता अर्धा उरला. तो अजून आठशे मीटरच्या वर उभा आहे. कोयत्याने नारळ मधोमध फोडावा तसा उत्तरेकडून उभा कापलेला, आतले थर उघडे. दुपारच्या उन्हात डेकवरून तो कडा दिसला की गप्पा मारणारी पोरंसुद्धा कठड्याशी येऊन उभी राहायची.

आता माणसं. डच सरकारचा आकडा 36,417. लाव्हारसाने म्हणाल तर जवळजवळ कुणीच नाही. सुमात्राच्या केतिंबांग भागात हजारभर माणसं समुद्रावरून सरपटत आलेल्या तापलेल्या राखेने भाजून मेली. बाकी बहुतेक सगळी पाण्याने. 20 मे पासून ज्वालामुखी धुमसत होता, 26 ऑगस्टच्या दुपारी बिनसलं, आणि 27 ला सकाळी चार मोठे स्फोट झाले. दहाच्या सुमाराचा सगळ्यांत मोठा. लाटा काही ठिकाणी 30 मीटरहून उंच. अन्येर, मेराक ही जावाची बंदरं धुऊन गेली.

त्या सकाळचं एक प्रकरण आमच्या धंद्यातल्या माणसाला विसरता येत नाही. सुमात्राच्या तेलुक बेतुंगसमोर 'लाउडन' नावाची डच आगबोट प्रवासी घेऊन नांगरून होती. लाट येताना दिसली. कप्तान लिंडेमान याने बोट वळवून नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, सरळ लाटेकडे धरली. बोट चढली, पलीकडे उतरली आणि तरली. वरच्या लोकांनी मागे पाहिलं तर गाव नाही. त्याच बंदरात 'बेराव' ही लहान युद्धनौका होती. तिला पाण्याने उचललं आणि नदीच्या खोऱ्यातून अडीच-तीन किलोमीटर आत रानात नेऊन टाकलं. तिच्यावरचं कुणी वाचलं नाही. लाट उथळात आली की उंच होते, वेग कमी होतो आणि मागचं पाणी पुढच्यावर चढतं. म्हणून खलाशी त्सुनामीला काठापासून लांब, खोल पाण्यात पळतो. लाटेला कूस देणं म्हणजे संपलंच. प्रकल्पात एकच चित्र काढायचं तर मी या दोन बोटींचं काढीन.

अंत्रुजी_मास्तर

तारवटीबाब, वा! आवाजाचं मी सांगतो, दर वर्षी वर्गात हा प्रश्न येतोच.

310 हा आकडा सोडून द्या. हवेतली ध्वनिलहर साधारण 194 डेसिबलच्या पलीकडे जात नाही, पुढे ती आघातलहर होते. मोजलेलं काय आहे? 160 किलोमीटरवरच्या बताव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, गॅस कारखान्याच्या दाबमापकाचा काटा उसळला होता. त्यावरून मागाहून हिशेब केला तो 172 च्या घरात येतो. तोही भयंकरच.

जगभर ऐकू गेला हेही अर्धवट. कानाला ऐकू आला तो पृथ्वीच्या साधारण तेराव्या हिश्श्यावर. मॉरिशसजवळच्या रॉड्रिग्ज बेटावर, 4,800 किलोमीटरवर, लोकांना दूर कुठे तोफा चालल्यात असं वाटलं, आणि तेही स्फोटानंतर चार तासांनी. हिशेब करून बघा, ध्वनीच्या वेगाशी जुळतो. जगभर गेली ती दाबाची लहर. ती कुणाच्या कानाला कळली नाही, पण देशोदेशीच्या वायुदाबमापकांनी पाच दिवस तिच्या फेऱ्या टिपल्या.

उन्हाळा आला नाही ते 1816 साल, आणि त्याचा धनी तांबोरा, जो 1815 ला फुटला. क्राकाटोआहून कितीतरी मोठा. दोन्ही इंडोनेशियात, म्हणून लोक गल्लत करतात. क्राकाटोआने जगाचं सरासरी तापमान अर्ध्या अंशाच्या आसपास खाली आणलं. तेही राखेने फारसं नाही. राख लवकर बसते. वर चढलेल्या गंधकाच्या वायूचे बारीक थेंब वर्ष-दोन वर्षं टिकतात आणि ऊन परतवतात. त्यांच्यामुळेच संध्याकाळी लाल व्हायच्या. न्यूयॉर्क राज्यातल्या एका गावात लोकांनी आग लागली समजून बंब बोलावले. लंडनला ॲस्क्रॉफ्ट नावाचा चित्रकार थेम्सच्या काठी बसून ते आकाश रोज रंगवत होता, त्याची चित्रं रॉयल सोसायटीच्या 1888 च्या अहवालात छापली आहेत. आणि मद्रास, सिलोनकडे सप्टेंबर 1883 मध्ये सूर्य चक्क हिरवा दिसला. आमच्या वर्गात हे सांगितलं की पोरं मास्तर फेकतो म्हणतात.

हळदोणेकरीण

आपल्या किनाऱ्याचं कुणी सांगितलंच नाही! शिवाय आमच्याकडे काहीजण छातीठोकपणे सांगतात की गोव्याचा चिरा, म्हणजे जांभा दगड, हा गोठलेला लाव्हा. धोका आपल्यालाही आहे का मग?

अंत्रुजी_मास्तर

चिरा लाव्हा नव्हे, बाय. निरनिराळे खडक पावसापाण्याने कुजून तो झाला. लाव्हाचा खडक हवा तर सत्तरीत सुर्ल-चोर्ल्याकडे जा, तिथे दख्खनचा बेसाल्ट आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो आता उठून बसायचा नाही. भारतात जागा ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट.

तारवटी_वास्को

किनाऱ्याचं मी विसरलोच, माफ करा. लाटा आल्या, पण मरतुकड्या. मद्रास, मुंबई, कराची, एडनपर्यंत भरती-ओहोटी नोंदणाऱ्या यंत्रांवर त्या उमटल्या. मुंबईत वांद्र्याला पाणी एकाएकी इतकं मागे हटलं की मासे वाळूवरच राहिले आणि लहानथोर कोळ्यांनी ते नुसते वेचले. आमच्याकडे असं झालं असतं तर कुणी सुनामी बघत बसलं नसतं, सगळे टोपल्या घेऊन धावले असते. आणि मरण नेमकं तिथेच असतं. पाणी अवेळी आटलं की टेकडी गाठायची, बांगडा नंतर.

2018 चंही लिहू दे पुतणीला. जुन्या बेटांच्या मधे 1927 ला आनाक क्राकाटाउ, म्हणजे पोर, वर यायला लागलं. 22 डिसेंबर 2018 च्या रात्री त्याची एक कूस समुद्रात घसरली, 338 मीटरचा डोंगर 110 वर आला, आणि त्याने उठलेल्या त्सुनामीत चारशेच्या वर माणसं गेली. मोठा भूकंप झालाच नव्हता, म्हणून भूकंपावर बेतलेली इशारायंत्रणा गप्प राहिली.

डिचोलीकर

देव बरें करूं. चार्ट खोडून झाला. तारवटीबाब, लाउडनची नाळ डावीकडे दाखवू की उजवीकडे? ती विचारतेय.

तारवटी_वास्को

लाटेकडे. बाकी कुठेही चालेल.